जुनी ब्रिटिश सायन्स फिक्शन कॉमिक्स नव्या मुलांसाठी छापायची? स्कॅनर नंतर घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या एका चॅरिटी शॉपमध्ये 'ईगल' आणि 'लुक अँड लर्न' या मुलांच्या ब्रिटिश साप्ताहिकांच्या जुन्या अंकांचा गठ्ठा मिळाला, त्यातल्या 'डॅन डेअर' आणि 'ट्रिगन एम्पायर' या चित्रकथा वाचून तुम्हाला झपाटून टाकलं, आणि आता हे सगळं १० ते १४ वयाच्या आजच्या मुलांसाठी पुस्तक करून आणायचंय. त्यासाठी स्कॅनर कुठला, सॉफ्टवेअर कुठलं, रंग 'फ्रेश' कसे करायचे, आणि शेवटी एका ओळीत, "७० वर्षं झाली म्हणजे कॉपीराईट संपला ना?"

मी इकडे जुन्या छापील कॉमिक्सच्या रिस्टोरेशनचं काम करतो, फ्रीलान्स, बरीच वर्षं. म्हणजे प्रकाशक पिवळे पडलेले अंक पाठवतो आणि मी त्यातून छापण्यालायक फाइल करून देतो. त्यामुळे स्कॅनरबद्दल मी तासभर बोलू शकतो, पण तुमचा खरा प्रश्न स्कॅनरचा नाहीये. खरा प्रश्न असा की ज्या मुलाने हे कॉमिक कधी बघितलेलंच नाही त्याच्या हातात ते ठेवायचं तर काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: चित्राला हात लावू नका, त्याच्या भोवतीचं बाकी सगळं बदला. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, चित्र चकाचक करतात आणि पुस्तकाची मांडणी पन्नास वर्षांपूर्वीचीच ठेवतात.

आधी कॉपीराईट, कारण तिथे अडलं तर पुढचं वाचायची गरजच नाही. ७० वर्षं छापल्यापासून नाही, निर्मात्याच्या मृत्यूपासून मोजायची. 'ईगल'चा पहिला अंक १४ एप्रिल १९५० चा, म्हणून तुम्हाला वाटलं की झालं मोकळं. पण डॅन डेअरचा जनक फ्रँक हॅम्पसन १९८५ मध्ये वारला, म्हणजे त्याचं काम २०५५ संपेपर्यंत बंद. ट्रिगनचा डॉन लॉरेन्स तर २००३ मध्ये गेला. छापल्यापासून ७० वर्षं हा हिशोब लागतो तो निर्माता कोण हे कळायला काही मार्गच नसेल तेव्हा. आता त्या काळी बहुतेक ब्रिटिश कॉमिक्समध्ये नावं छापतच नव्हते ('ईगल' त्याला अपवाद), तरी अंकात नाव नाही म्हणजे निर्माता अज्ञात असं होत नाही, जाणकारांनी बहुतेक चित्रकार शैलीवरून आणि जुन्या कागदपत्रांवरून शोधून काढलेत. खरंच कोणी सापडत नसेल तर ब्रिटनच्या इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी ऑफिसची २०१४ पासून ऑर्फन वर्क्सची (म्हणजे मालक सापडत नाही अशा कामांची) लायसन्स योजना आहे, पण त्यासाठी तुम्ही मनापासून शोध घेतला हे कागदावर दाखवावं लागतं, आणि तुमच्या दोन्ही कॉमिक्सना ती लागू नाही कारण मालक माहिती आहेत.

मालकी कशी फिरली ते थोडं सांगतो, परवानगी कुणाकडे मागायची हे त्यावरूनच कळतं. रिबेलियन ही मुळात व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी, ऑक्सफर्डची. त्यांनी २००० साली 'टू थाउजंड एडी' हे सायन्स फिक्शन साप्ताहिक विकत घेतलं, २०१६ मध्ये एग्मॉन्ट या प्रकाशकाकडून १९७० नंतरच्या बऱ्याच कॉमिक्सचा संग्रह घेतला आणि २०१८ मध्ये आयपीसी या जुन्या प्रकाशन कंपनीचा त्याआधीचा प्रचंड साठा. 'ट्रेझरी ऑफ ब्रिटिश कॉमिक्स' या नावाने ते पुस्तकं काढतात, आणि ट्रिगनची मालिका त्यांनी २०२० पासून सुरू केलेली आहे. म्हणजे तुम्ही जे करायचं म्हणताय ते त्यातल्या एका कॉमिकपुरतं होऊनही गेलंय. डॅन डेअर वेगळ्या कंपनीकडे आहे, डॅन डेअर कॉर्पोरेशन. तिथे लिहून विचारा. नाही म्हणतील बहुतेक, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि एक, मालकी हातात असली तरी काही पानं छापता येत नाहीत असंही होतं. १९७८ मध्ये 'टू थाउजंड एडी'तल्या 'जज ड्रेड'च्या 'कर्स्ड अर्थ' कथेत बर्गर कंपन्यांच्या आणि इतर ब्रँडच्या मॅस्कॉटची टिंगल करणारी प्रकरणं होती. कायद्याचा बडगा आला, तडजोड झाली, आणि ती प्रकरणं पुढच्या सगळ्या पुनर्मुद्रणांतून गायब. २०१४ मध्ये ब्रिटनच्या कॉपीराईट कायद्यात विडंबनासाठी सूट आली तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला आणि २०१६ मध्ये ती पहिल्यांदा पुस्तकात आली. मधल्या काळात ज्यांनी ती कथा पुस्तकातून वाचली त्यांना मध्येच काहीतरी तुटल्यासारखं का वाटायचं ते यामुळे.

समजा परवानगी मिळाली, डॅन डेअरची नाही तर दुसऱ्या कुठल्या कमी नावाजलेल्या कॉमिकची. पुढे काय हे तुम्ही वाचक कोण धरता यावर आहे, आणि इथे खरंच 'डिपेंड्स' आहे. ज्यांनी लहानपणी हे दर आठवड्याला वाचलं ते आजोबा लोक, त्यांना सगळं हवं असतं. मास्टहेड (अंकाच्या नावाची पट्टी), जाहिराती, पुढच्या आठवड्याची झलक, पानावरचा डाग असला तरी चालतो. १९८७ पासून हॉक बुक्सने डॅन डेअरचे मोठ्या आकाराचे खंड काढले ते अशा वाचकासाठी, आणि त्या कामाला तोड नाही. पण तेच पुस्तक बारा वर्षांच्या मुलीला दिलंत तर ती चार पानांत खाली ठेवेल. तुम्ही मुलांसाठी म्हणालात म्हणून मी पुढचं सगळं मुलांसाठी धरूनच लिहितोय, आजोबांसाठी करायचं असेल तर यातला अर्धा सल्ला उलटा होईल.

आता स्कॅनिंग. मूळ चित्रं मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण ती फार क्वचित मिळतात. त्या काळी प्रकाशकाच्या लेखी मूळ चित्राची किंमत छपाई होईपर्यंतच होती, नंतर बरीचशी हरवली, फेकली, कोणी घरी नेली. ट्रिगनची बरीच मूळ पानं टिकली म्हणून नेदरलँड्समध्ये त्यांच्यावरून देखण्या आवृत्त्या निघाल्या. तुमच्याकडे छापील अंकच आहेत, तेव्हा एकाच अंकाच्या दोन प्रती मिळतात का बघा. एकीत घडी चेहऱ्यावरून गेलेली असते तर दुसरीत तीच जागा स्वच्छ सापडते, आणि असं जोडून काढलेलं पान कुठल्याही फिल्टरपेक्षा चांगलं. पिना काढा, अंक सुटा करा. जीवावर येतं, पण पिना ठेवून स्कॅन केलं की मधल्या शिवणीजवळचं अर्धा सेंटिमीटर चित्र कायमचं गेलं. साधा फ्लॅटबेड पुरतो, फक्त मोठा ए३ घ्या, नाहीतर 'ईगल'चं ३४ सेंटिमीटर उंच पान दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडत बसाल. ६०० डीपीआय, रंगीत मोड, टिफ फाइल. पानामागे काळा कार्डपेपर ठेवा, मागच्या बाजूची छपाई झिरपून दिसते ती त्याने खूप कमी होते.

कृष्णधवल पानंही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. का ते सांगतो. जुना न्यूजप्रिंट पिवळा-तपकिरी झालेला असतो, आणि स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर म्हणजे चॅनेल असतात, पिवळा रंग निळ्या चॅनेलमध्ये काळपट दिसतो पण लाल चॅनेलमध्ये जवळपास पांढरा. त्यामुळे फोटोशॉप किंवा जिंप, जे असेल त्यात नुसता लाल चॅनेल उचलला की अर्धी साफसफाई काही न करता होऊन जाते आणि शाई जशीच्या तशी काळी राहते. नवीन माणूस ग्रेस्केलमध्ये स्कॅन करतो, मग पार्श्वभूमी पांढरी करायला लेव्हल्स ओढतो, आणि त्या नादात बारीक रेघा उडतात.

आता जरा 'स्टील क्लॉ'चं उदाहरण घेतो, कारण साफसफाई कुठे थांबवायची हे त्यावरून नीट कळतं. १९६२ मध्ये 'व्हॅलियंट' या ब्रिटिश साप्ताहिकात सुरू झालं, चित्रं स्पेनच्या खेसूस ब्लास्कोची. लुई क्रँडेल नावाचा माणूस, एक हात पोलादी, विजेचा झटका बसला की तो अख्खा अदृश्य होतो आणि हवेत फक्त तो हात तरंगताना दिसतो. आता विचार करा, चौकटीत काळोखी खोली आहे, मध्ये हात, आणि हाताभोवती विजेच्या ठिणग्या म्हणून शाईचे अगदी बारीक ठिपके. 'डस्ट अँड स्क्रॅचेस'सारखा फिल्टर लावलात की तो कागदावरची घाण आणि ब्लास्कोच्या ठिणग्या यात फरक करत नाही, दोन्ही पुसून टाकतो. पान एकदम स्वच्छ दिसतं, आणि वीज गेलेली असते! म्हणून मी फिल्टर फक्त चौकटींच्या मधल्या पट्ट्यांत आणि समासात वापरतो, चौकटीच्या आत सगळं हाताने, झूम करून. वेळ जातो, इलाज नाही. हल्ली एआय अपस्केलर (चित्र आपोआप मोठं आणि स्पष्ट करणारं सॉफ्टवेअर) वापरायचा मोह होतो, मीही करून बघितलंय. गालावरच्या आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीचे ते दाढीचे केस करून देतात आणि ओठाची ठेवण बदलते. चित्रकाराने न काढलेली रेघ मला नको.

'ईगल' आणि 'लुक अँड लर्न'चं छपाईतंत्र वेगळं, फोटोग्रॅव्हर. त्यात सिलिंडरवरच्या सूक्ष्म खड्ड्यांत शाई भरते आणि खड्डा जितका खोल तितका रंग गडद, त्यामुळे रंगाचे चढउतार मऊ येतात. पण सगळंच त्या जाळीतून जातं, अक्षरंसुद्धा. भिंगाखाली फुग्यातलं अक्षर बघा, कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतील. पुष्कळ लोक म्हणतात अक्षरं नव्याने टाइप करून टाकू. डॅन डेअरमध्ये तरी करू नका, ते हाताचं अक्षर चित्राचाच भाग आहे आणि छापील आकारात ते दाते डोळ्याला दिसतच नाहीत. ट्रिगनमध्ये मजकूर टाइपच केलेला होता, तिथे बदललं तर मला फार वाईट वाटणार नाही.

रंग 'फ्रेश' करण्याबद्दल. हे रंग शाई पिणाऱ्या कागदासाठी होते. तेच गुळगुळीत आर्ट पेपरवर छापले की लाल किंचाळतो आणि त्वचा गुलाबी बाहुलीसारखी दिसते. मी कागद पूर्ण पांढरा करत नाही, थोडा साईचा रंग राहू देतो, आणि प्रकाशकाला अनकोटेड, म्हणजे गुळगुळीत लेप नसलेला, कागद घ्यायला सांगतो. फ्रेशपणा तिथेच येतो, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवून येत नाही. कृष्णधवल कॉमिकला नव्याने रंग भरायचे का हा वेगळा वाद. 'बॅलड ऑफ हेलो जोन्स' १९८४ ते ८६ मध्ये आलं, ॲलन मूर आणि इयन गिब्सनचं, मूळ कृष्णधवल, २०१८ मध्ये त्याची रंगीत आवृत्ती निघाली. काम जबाबदारीने केलंय आणि नव्या वाचकांनी ते उचललं असेल तर मला आनंदच आहे. तरीपण गिब्सनने गर्दीची पानं काळ्या-पांढऱ्याच्या तोलावर उभी केलीत, रंग आला की नजर कुठे जायची ते जरा बदलतं. मी पैसे लावणारा असतो तर रंग भरले नसते. याउलट ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या बाजारासाठी ब्रिटिश पानं रंगवून, तिथल्या उंच आणि अरुंद मापात ओढूनताणून बसवली होती. त्यातले अंक आजही स्वस्तात मिळतात, एक घेऊन ठेवा, काय करू नये हे शिकायला त्याहून चांगली शाळा नाही.

मापावरून आठवलं, तुम्ही 'मंगाच्या आकाराचं स्वस्त पुस्तक' असं लिहिलंय. मुलं तो आकार विकत घेतात हे बरोबर. पण ३४ सेंटिमीटरचं पान २१ वर आणलं की सगळं ६२ टक्क्यांवर येतं, अडीच मिलिमीटरचं अक्षर दीड मिलिमीटरचं होतं. ते कोणतंही मूल वाचणार नाही, आणि हॅम्पसनच्या स्टुडिओने मॉडेल बनवून, फोटो काढून जी यानं आणि शहरं उभी केली ती मुंगीएवढी दिसतील. २८ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. बजेटच नसेल तर पानं कमी करा, माप कमी करू नका.

इथे मी सुरुवातीला म्हटलेलं 'भोवतीचं बदला' येतं. ही कॉमिक्स आठवड्याला दोन-दोन पानांनी आलेली. दर आठवड्याला पहिल्या चौकटीत मागचं थोडक्यात सांगायचं, शेवटच्या चौकटीत कोणीतरी कड्यावर लटकायचं. दीडशे पानं सलग वाचताना ते टीव्ही सिरियलच्या 'आतापर्यंत आपण पाहिलं' सारखं वाटायला लागतं. आणि 'ईगल'मध्ये डॅन डेअर मुखपृष्ठावरच सुरू व्हायचं, त्यामुळे दर दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात तो लाल मास्टहेड. काही जण मागचा सारांश काढून टाकतात आणि मास्टहेड पुसून तिथे नवीन आकाश रंगवतात. मी म्हणतो दोन्ही राहू द्या, फक्त पुस्तक छोट्या भागांत तोडा. दर दहा-बारा हप्त्यांनंतर एक कोरं पान, नवीन प्रकरणाचं नाव, जमलं तर एखादी मोठी केलेली चौकट. मूल तिथे थांबतं, दुसऱ्या दिवशी परत येतं, आणि सारांशाचा त्रास न होता उपयोग होतो. पानालाही धक्का लागत नाही.

कुठल्या कथेपासून सुरुवात करायची हे मात्र सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर कोणी फारसं बोलत नाही. 'पहिल्यापासून क्रमाने' हा संग्राहकाचा हट्ट आहे. डॅन डेअरची पहिली शुक्राची कथा दीड वर्ष चालली. कथेत साल १९९६, पृथ्वीवर अन्न संपत आलंय, म्हणून शुक्रावर शोध घ्यायला जायचं. १९५० चा ब्रिटिश मुलगा हे वाचत होता तेव्हा त्याच्या घरी रेशन कार्ड होतं, गोळ्या-चॉकलेटसुद्धा रेशनवर होती, रेशनिंग पूर्ण उठलं १९५४ मध्ये. त्याला ती भूक समजावून सांगावी लागत नव्हती. आजच्या मुलाला पुस्तकाच्या सुरुवातीला एक पान द्या, रेशनचं पुस्तक कसं दिसायचं त्याचा फोटो, दोन परिच्छेद, बास. त्याच कथेत प्रोफेसर पीबॉडी ही बाई मोहिमेवर येणार म्हटल्यावर अवकाश दलाचा प्रमुख सर ह्युबर्टचा चेहरा पडतो, आणि ती पोषणाची तज्ज्ञ असते. आजच्या मुली ते वाचून हसतात आणि पीबॉडीच्या बाजूने उभ्या राहतात, मला तो प्रसंग पुस्तकाचा प्लस पॉइंट वाटतो.

ट्रिगन मुलांना लवकर पकडतं. दलदलीत एक अवकाशयान कोसळतं, त्यातली अनोळखी लिपी एक प्राध्यापक आयुष्यभर खपून वाचतो आणि त्यातून एलेक्टॉन ग्रहावरच्या साम्राज्याची कथा बाहेर येते, रोमन झगे घातलेले लोक विमानं उडवतायत, आणि हे सगळं रंगांनी रंगवलेलं. पण शत्रू असलेल्या लोकान लोकांच्या चेहऱ्यांत पूर्वेकडच्या माणसांबद्दलचे त्या काळचे ग्रह स्वच्छ दिसतात. 'रोबॉट आर्ची' या दुसऱ्या ब्रिटिश कॉमिकच्या सुरुवातीच्या जंगलकथांत तर विचारूच नका. कापायचं का? मी कापू नका म्हणेन, पण मुलांच्या पहिल्या पुस्तकात ती कथा घेऊच नका असंही म्हणेन. निवड करायचा हक्क तुम्हाला आहे, गपचूप चेहरे बदलायचा नाही. पुढे पूर्ण आवृत्ती काढाल तेव्हा ती घ्या आणि सुरुवातीला साध्या भाषेत लिहा की हे असं का आहे.

माझी स्वतःची निवड विचाराल तर 'स्टील क्लॉ'. नायक सुरुवातीला चक्क गुन्हेगार, नंतर सुधारून सीक्रेट एजंट होतो, आणि आजच्या मुलांना असा धड ना चांगला धड ना वाईट माणूस आवडतो. शिवाय तो कृष्णधवल आहे, छपाई स्वस्त. गंमत म्हणजे याला नवा वाचक मिळू शकतो हे आपल्याकडे कधीच सिद्ध झालंय. १९७२ मध्ये शिवकाशीच्या मुथ्थु कॉमिक्सने पहिल्याच अंकात याला 'इरुंबुक्कै मायावी' म्हणून तमिळमध्ये आणलं आणि तिकडे तो पिढ्यान्‌पिढ्या घराघरातला झाला. आपल्या इंद्रजालमध्ये वेताळ-मँड्रेकच्या जोडीला ब्रिटिश 'गार्थ' येऊन गेला, पण त्याचं तसं काही झालं नाही.

नावांचं विसरू नका. डॉन लॉरेन्सला १९७६ मध्ये कळलं की त्याचं ट्रिगन युरोपभर विकलं जातंय आणि त्याला त्यातलं काही मिळत नाही, मग त्याने ते सोडलं. लेखक माइक बटरवर्थचं नावही त्या पानांवर नसायचं. मुखपृष्ठावर दोघांची नावं मोठ्या अक्षरात टाका, आणि वारसांना मानधनाचा काही हिस्सा जातो का ते करार करताना विचारा. कंपनीवर बंधन नसतंच, पण विचारणारा दिसला की कधीकधी आकडा पुढे येतो.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी परवानगीचं पत्र, मग एकच कथा निवडा, साधारण साठ-सत्तर पानांची, मग दुसऱ्या प्रती शोधा, आणि त्यानंतर स्कॅनर. नमुना म्हणून चार पानं साफ करून २८ सेंटिमीटरच्या मापात अनकोटेड कागदावर जवळच्या प्रिंट शॉपमधून काढून घ्या आणि ओळखीच्या दोन-तीन मुलांना द्या, काही न सांगता. कुठल्या पानावर उलटणं थांबतं ते बघा.

तुमच्या गठ्ठ्यातले 'ईगल'चे अंक कुठल्या सालचे आहेत ते सांगाल का? हॅम्पसनने डॅन डेअर १९५९ मध्ये सोडलं आणि मग वर्षभर फ्रँक बेलामी आला, त्याची पानांची रचना पार वेगळी. ते अंक असतील तर साफसफाईबद्दल मी वर लिहिलंय त्यातलं थोडं बदलावं लागेल, तसं वेगळं लिहीन.